चौथे कलम

क्रॉशॉ,
ता. १४ जानेवारी १८७२

चि. सौ. केझी हिस, जेबेझचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं नाताळचं पत्र आणि आईसाठी पाठवलेली टोपी, दोन्ही सुखरूप पोचलं. आई ती टोपी घालून चॅपलला गेली आणि सबंध प्रवचनभर मान ताठ ठेवून बसली, कारण मागच्या बाकावर कोण बसलंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला लिहिता येत नाही, तेव्हा तिचा निरोप मीच उतरवतो. पाचवा महिना आहे, पाण्याच्या बादल्या उचलायच्या नाहीत. उचलल्यास तर ती डोंगर ओलांडून आठ मैल चालत येईल आणि तुझ्या नवऱ्याचे कान उपटेल. माझं म्हणणं, तिनं खुशाल यावं. इथे रोज माझेच उपटते.

गिरणीत कापूस अगदी रद्दी येतोय. धागा तुटतो, जोडावा, पुन्हा तुटतो. शनिवारी दोन वाजता माग थांबले की कानांत तासभर त्यांचीच खडखड असते. ती जाते फक्त फुटबॉलच्या मैदानावर. गेल्या शनिवारी आम्ही खाणवाल्यांना हरवलं. एकाचं नाक फुटलं, दोघांच्या नडग्या सोलल्या, एक माझी. फार मजा आली.

आता मुद्द्याचं. तुझा नवरा अमॉस हॉल्मडेन क्लबचा सेक्रेटरी झाल्यापासून जमिनीवर चालत नाही असं ऐकतो. लंडनहून छापील नियमांचं पुस्तक मागवलंय म्हणे. नडगीवर लाथ मारायची नाही, पाय घालून पाडायचं नाही, चेंडू हातात घेऊन पळायचं नाही. मग उरलं काय, एकमेकांना चहा द्यायचा? आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून नियम एकच आहे. समोरून, गुडघ्याखाली, हाण. ज्याला सोसत नाही त्यानं घरी बसून सूत गुंडाळावं. हॉल्मडेनला आमच्याशी सामना खेळायचा असेल तर तो या नियमानं, हे त्याला माझ्या शब्दांत सांग, किंवा तुला सुचतील त्या गोड शब्दांत.

तब्येतीला जप. थोरल्या भावावर माया आहे ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
जेबेझ


हॉल्मडेन,
ता. २८ जानेवारी १८७२

ती. स्व. जेबेझदादास, केझायाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बादल्या अमॉस उचलतो, असं आईला सांग. मी बसून टोप्यांना अस्तरं शिवते. दिवसाला दोन डझन होतात आणि संध्याकाळी बोटं माझी राहत नाहीत. बाकी मी ठणठणीत आहे. सकाळी ओटची लापशी पोटात टिकायला लागली आहे.

तुझा निरोप मी शब्दाला शब्द दिला. अमॉस रागावला नाही. तो रागावतच नाही, आणि माझी पंचाईत तिथेच होते. त्यानं पुस्तक काढलं आणि मला पहिल्यापासून वाचून दाखवलं. चेष्टा राहू दे, दादा. ते पुस्तक त्यानं का मागवलं हे तुला ठाऊक नाही. गेल्या वर्षी इथल्या खाटकाच्या मुलाचा पाय मैदानावर मोडला. ज्यानं लाथ मारली तो त्याचा मित्रच होता, नियमानंच मारली होती. त्या मुलाला अमॉस पाठीवर घेऊन घरी गेला. तो मुलगा अजून काठी घेऊन चालतो. त्याच आठवड्यात अमॉसनं लंडनला पत्र टाकलं.

स्वतःसाठी मात्र त्यानं निराळीच युक्ती काढली आहे. कारखान्यात टोप्यांसाठी लोकर कुटून नमदा करतात, त्यातले दोन जाड तुकडे नडगीच्या मापानं कापून तो मोज्यांत घालतो. पाय सुजलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो. मी हसले तर म्हणाला की क्रॉशॉत सासुरवाड असलेल्या माणसाला एवढी तयारी लागतेच.

तुझ्याशी अर्ध्या वाटेवर भेटायची त्याची तयारी आहे. अर्धा सामना तुमच्या नियमांनी, अर्धा छापील. असं हल्ली पुष्कळ गावं करतात. तो रीतसर लिहीलच. तू नीट वाच, एवढं माझं मागणं. लहानपणी गोट्यांत हरलास की नियम कुणी सांगितलाच नव्हता म्हणून गळा काढायचास, आणि बाबांचा पट्टा चुकवायला मी शपथेवर सांगायची की खरंच, दादाला कुणी सांगितलं नव्हतं. मी आता मोठी झाले आहे, तूही हो.

आईला नमस्कार. तुम्हा दोघांची आठवण रोज येते, माझीही तिथे येत राहो.

तुझी,
केझी


हॉल्मडेन,
ता. ११ फेब्रुवारी १८७२

श्री. जेबेझ एंटविसल, कप्तान, क्रॉशॉ फुटबॉल क्लब, यांस अमॉस टॅटर्सलचा स. न. वि. वि.

आपल्या दोन क्लबांच्या सामन्यासाठी आमच्या मंडळींनी ठरवलेली कलमं कळवत आहे. पहिलं, सामना शनिवार ९ मार्चला दुपारी तीन वाजता, टोप्यांच्या कारखान्यामागच्या ओढ्याकाठच्या मैदानावर, दोन्हीकडे पंधरा गडी. दुसरं, पहिला पाऊण तास क्रॉशॉच्या नियमांनी, म्हणजे नडगीवर लाथ चालेल. तिसरं, नंतरचा पाऊण तास छापील नियमांनी, म्हणजे लाथ, पायात पाय, हातात चेंडू, यांतलं काहीही चालणार नाही.

चौथ्या कलमाकडे कृपया विशेष लक्ष द्यावं. गोल झाला की दोन्ही संघांनी बाजू बदलायच्या ही आपल्या सगळ्यांची जुनी सवय आहे. तिच्यामुळे घोटाळा होऊ शकतो. पाऊण तासात एकही गोल झाला नाही, तरीही बाजू बदलायच्या. पंच पांढरा रुमाल वर करतील, आणि त्या क्षणापासून छापील नियम लागू. तेव्हा बाजू बदललेल्या दिसल्या आणि गोलाचा आरडाओरडा ऐकू आला नाही, तर लाथा बंद झाल्या असं प्रत्येकानं समजावं. हे कलम तुमच्या सर्व गड्यांना वाचून दाखवावं अशी विनंती.

हे झालं सेक्रेटरी म्हणून. आता तुझा मेहुणा म्हणून लिहितो. तुझी बहीण माझ्या नमद्याच्या तुकड्यांना हसते, पण परवा गुपचूप त्यांच्या कडा शिवून दिल्या तिनंच. सामन्याच्या दिवशी जेवायला इथे ये. भाजलेल्या मटणाचा बेत आहे, आणि मुलगा झाला तर त्याला चेंडू कसा मारायला शिकवायचं यावर आपण दोघांनी आधीच भांडून घेतलेलं बरं.

उत्तर लवकर यावं. या पत्राची नक्कल नेहमीप्रमाणे माझ्या वहीत ठेवली आहे, त्यामुळे पोचलंच नाही ही सबब चालणार नाही. स्नेह आहे तो वाढत जावा.

आपला,
अमॉस टॅटर्सल


क्रॉशॉ,
ता. १८ फेब्रुवारी १८७२

सेक्रेटरीसाहेब अमॉस यांस, जेबेझचा स. न. वि. वि.

कलमं वाचली. चारही मंजूर. चौथं पोरांना चॅपलच्या पायरीवर उभं राहून वाचून दाखवलं. एलीच्या डोक्यात ते दोनदा सांगूनही जाईना. शेवटी मी त्याला म्हटलं की ओरडा नाही, गोल नाही, लाथ नाही, एवढं लक्षात ठेव. आता तो ते मागावर बसून गाण्यासारखं म्हणतो. तुमचा वकिली खाक्या आम्हालाही समजतो, बरं का.

जेवायला येतो. आधीच्या पाऊण तासात तुझ्या त्या नमद्याची परीक्षा घेईन, तेवढी पोटात भूक ठेव. लोभ धरावा.

जेबेझ


हॉल्मडेन,
ता. ११ मार्च १८७२

ती. स्व. दादास, केझायाचा सा. न. वि. वि.

तू शनिवारी कुणाला न भेटता निघून गेलास. एली म्हणाला की तू डोंगराच्या वाटेनं एकटाच गेलास. जेवण तसंच राहिलं, शेवटी शेजारणीला दिलं.

अमॉसच्या डाव्या पायाचं हाड गुडघ्याखाली मोडलंय, आणि ते कातडीतून बाहेर आलं होतं. डॉक्टरनी ते आत बसवून फळ्या बांधल्या. त्या वेळी चार जणांनी त्याला धरलं होतं. मी त्याचं डोकं धरलं. त्यानं माझ्या मनगटाला इतकं आवळलं की आज तिथे काळंनिळं आहे. काल ताप होता. आज सकाळी त्यानं थोडा रस्सा घेतला आणि विचारलं की सामना शेवटी कुणी जिंकला. मी सांगितलं की कुणीच नाही, तिथेच थांबला.

दादा, मी तो दिवस मनात पुन्हा पुन्हा लावून बघते. तुझी नडगी फोडली अमॉसनं, हे खरं. तुमच्याच नियमानं फोडली, आणि तुमचीच पोरं हसली. एली तर गवतात लोळत होता. तुला ते झोंबलं हे मला तुझ्या कानांवरूनच कळलं. तू ओढ्यापाशी आलास, मी माझ्या एप्रनची पट्टी फाडून पाय बांधायला बसले. मी बोलत होते आणि तू माझ्या खांद्यावरून मैदानाकडे बघत होतास, माझं एक अक्षर ऐकत नव्हतास. गाठ मारायच्या आत उठलास. मी पाणी झटकून वळले तोवर तो आवाज झाला होता. सुकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा.

नमद्याचे तुकडे त्याच्या मोज्यांत नव्हते. बाजू बदलताना त्यानं ते काढून कोटाच्या खिशात ठेवले होते. शेजारच्या गड्यानं विचारलं तेव्हा म्हणाला होता की आता यांचं काम संपलं, छापील नियम सुरू झाले.

तुला ते ठाऊक नव्हतं का? मला एवढंच कळव. इथले लोक तुझ्याबद्दल वाईट बोलतात आणि त्यांना काय उत्तर द्यायचं ते मला समजत नाही.

आईला फार घाबरवू नकोस. तुझ्या पत्राची वाट बघते, प्रेम असू दे.

केझी


क्रॉशॉ,
ता. १४ मार्च १८७२

चि. सौ. केझी हिस, अ. उ. आ. वि. वि.

पाच रात्री डोळ्याला डोळा नाही. मी न भेटता गेलो कारण माझ्यात तोंड दाखवायची हिंमत नव्हती. जे झालं ते देवाला साक्ष ठेवून सांगतो.

तू बांधत होतीस तेव्हा मी मान खाली घालून जखम बघत होतो. मैदानाकडे माझं लक्ष नव्हतं. काठ चढून वर आलो तर बाजू बदललेल्या. आपल्याकडे बाजू कधी बदलतात? गोल झाल्यावर. मला वाटलं गोल झाला, आणि अजून आमचेच नियम चालू आहेत. अमॉस चेंडू घेऊन समोरून आला, मी आमच्या नियमानं लाथ मारली. समोरून, गुडघ्याखाली. गोलाशिवायही बाजू बदलतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कुणाही क्रॉशॉच्या माणसाला विचार, तो हेच सांगेल.

लोकांना हेच उत्तर दे. आई दोन दिवस जेवली नाही. तिनं सुकवलेल्या औषधी पाल्याची पुडी पाठवली आहे, कढत पाण्यात भिजवून जखमेवर बांध. गिरणीतून सुट्टी मिळाली की मी येईनच. अमॉसला माझा नमस्कार सांग, आणि तुझ्या मनातला भाऊ आहे तसाच राहू दे.

जेबेझ


हॉल्मडेन,
ता. १७ मार्च १८७२

ती. स्व. दादास, सा. न. वि. वि.

आईची पुडी आली, पण तिचा उपयोग करायची वेळ गेली. पाय काळा पडला होता. शुक्रवारी डॉक्टरनी तो गुडघ्याच्या वर कापला. क्लोरोफॉर्म दिला होता, त्याला कळलं नाही. मला कळलं, मी बाहेर जिन्यावर बसले होते. पाय त्यांनी पोत्यात गुंडाळून नेला. कुठे पुरला ते मी विचारलं नाही, आता वाटतं विचारायला हवं होतं.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. तुला कुणी सांगितलंच नव्हतं, त्या ओळीपाशी त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "मी त्याला लिहिलं होतं." मी विचारलं, काय लिहिलं होतं? तर म्हणाला, जाऊ दे, त्याला ये म्हणावं. नंतर ताप चढला आणि तो कारखान्याचंच काहीतरी बोलत राहिला, पाणी फार कढत आहे, हात भाजतात. मी धरून चालले की तेही तापातलंच बोलणं असेल.

तो तुझी वाट बघतो आहे, दादा. दार वाजलं की मान वळवतो. तुझ्यावर त्याचा राग नाही, हे मी तुला आजही लिहून देते. त्याला तुझ्याकडून काहीतरी ऐकायचं आहे. गिरणीची सुट्टी मिळो न मिळो, पत्र मिळताच नीघ. आठ मैलच आहेत.

तुझी वाट बघणारी,
केझी


क्रॉशॉ,
ता. २० मार्च १८७२

चि. केझी हिस, जेबेझचे आशीर्वाद, वि. वि.

काल संध्याकाळी तार आली. काय लिहू? आईनं तार उलटी धरली आणि माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. मी सोमवारीच निघणार होतो. निघालो होतो असं समज. डोंगरावरच्या दगडी कुंपणापर्यंत आलो होतो, आणि परत फिरलो. का, ते विचारू नकोस.

आज पोलीस शिपाई आला होता. शुक्रवारी तुमच्याकडच्या खानावळीत अमॉसच्या मृत्यूची चौकशी आहे, मला हजर राहायचं आहे. शिपाई म्हणाला की जाणूनबुजून नियम मोडून मारलं असं ठरलं, तर ते मनुष्यवधात जातं आणि मोठ्या कोर्टापुढे जातं. चुकून झालं असं ठरलं तर प्रश्न मिटला. एली आणि बाकीची पोरं सांगणार आहेत की असल्या कुठल्याही कलमाबद्दल त्यांनी ऐकलं नव्हतं. ओढ्यापाशी माझ्याबरोबर तू एकटीच होतीस. तू जे सांगशील त्यावरच सगळं आहे. तू खरं तेच सांग, माझं तोंड कुठे होतं ते तुला आठवत असेलच.

आणि एक. अमॉसचे क्लबचे कागद कुणी बघितले का? त्याचं ते पत्र माझ्याकडे नाही, आईनं चूल पेटवायला घेतलं असावं. त्यात महत्त्वाचं काही होतं असं मला आठवत नाही. तुमच्या क्लबच्या लोकांना उगाच जुने कागद उपसू देऊ नकोस, अशा वेळी लोक कशाचाही अर्थ लावतात.

मला तुरुंगात घातलं तर आईचं काय होईल, हे तुला सांगायला नको. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी लिहितो. तुझ्या मायेवर भरवसा ठेवून आहे.

जेबेझ


हॉल्मडेन,
ता. ७ एप्रिल १८७२

जेबेझ यास,

चौकशीनंतरची तुझी दोन्ही पत्रं आली. दोन्ही वाचली. तू आभार मानतोस, ते मानू नकोस.

मी तुला अमॉसच्या पत्राबद्दल काही विचारलं नव्हतं. त्यानं तुला पत्र लिहिलं होतं हेही मी तापातलं बोलणं समजून विसरले होते. तू लिहिलंस की कागद उपसू देऊ नकोस, म्हणून मी वही काढली. नाहीतर ती तशीच क्लबच्या नव्या सेक्रेटरीकडे गेली असती. त्याच्या पत्राची नक्कल ११ फेब्रुवारीच्या पानावर होती. तुझं उत्तर तिला टाचणीनं लावलेलं होतं. ओरडा नाही, गोल नाही, लाथ नाही. तुझं अक्षर मी ओळखते, मला अक्षरं तूच शिकवलीस.

त्या दिवशी ओरडा झाला नव्हता. माझी पाठ मैदानाकडे होती, पण कान होते. तिकडे अगदी शांत होतं. कारखान्याच्या पन्हाळीतून पाणी पडत होतं, तेही ऐकू येत होतं.

चौकशीच्या दिवशी मी ते दोन्ही कागद पोलक्यात घालून खानावळीत गेले. द्यायचे असं ठरवून गेले होते. वर चौकशीला बसलेल्या पंचांनी प्रेत बघितलं, मग खाली बाकं मांडली. तेवढ्यात आई आली. आठ मैल चालत आली होती, घोट्यापर्यंत चिखल, आणि डोक्यावर मी पाठवलेली टोपी. ती माझ्या शेजारी बसली, माझा हात तिनं तिच्या मांडीवर घेतला. पण बघत होती ती तुझ्याकडे. तू पलीकडच्या भिंतीशी टोपी हातात धरून उभा होतास आणि ती तुला डोळ्यांनी चाचपत होती, हा उद्या असेल की नाही म्हणून. माझा नवरा वरच्या मजल्यावर दाराच्या फळीवर होता. तिला तो दिसत नव्हता. मी तिला दोष देत नाही.

माझं नाव पुकारलं. मी बायबलवर हात ठेवला. चौकशीच्या अधिकाऱ्यानं विचारलं की ओढ्यापाशी या माणसाचं तोंड कुठे होतं. मी म्हटलं, पाण्याकडे. त्यानं विचारलं की बाजू का बदलल्या हे त्याला कळायला काही मार्ग होता का. मी म्हटलं, नाही, साहेब, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गोट्यांच्या वेळी बाबांना सांगायची तसंच सांगितलं, अगदी तेच शब्द. अधिकारी फार सभ्य होता. त्यानं मला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. मग अपघाती मृत्यू असं लिहिलं गेलं.

तुला त्याला मारायचं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पोरं हसली, तुला एक लाथ परत द्यायची होती, आणि बाजू बदलल्याचं निमित्त हाताशी आलं. त्याच्या पायावर नमदा आहे असं तू धरून चाललास. तो असायलाही हवा होता. पण त्यानं तो काढला होता, कारण तू चारही कलमं मंजूर म्हणून लिहून दिलं होतंस आणि त्यानं ते खरं मानलं. यापलीकडे त्याची चूक मला सापडत नाही. मरायच्या आधी चार दिवस त्याला सगळं ठाऊक होतं, आणि त्यानं मलाही सांगितलं नाही. तू येशील आणि तूच सांगशील म्हणून तो थांबला होता. तू कुंपणापर्यंत येऊन परत गेलास.

तू लिहितोस की क्रॉशॉनं आता छापील नियम घेतले, यापुढे लाथ मारणाऱ्याला तुम्ही मैदानाबाहेर काढणार, आणि हे अमॉसला आवडलं असतं. हो, आवडलं असतं. इथल्या क्लबनंही त्याचं पुस्तक चौकट करून भिंतीला लावलंय. शनिवारी मुलं खेळतात तेव्हा गोलाचा ओरडा माझ्या खिडकीत येतो. मी अस्तरं शिवत असते. ओरडा आला की बरं वाटतं, नाही आला की मी सुई खाली ठेवते.

वहीतलं पान मी फाडलं आहे. ते आणि तुझं उत्तर, दोन्ही यासोबत पाठवते. जाळ किंवा ठेव. मी खोटी शपथ घेतली ती माझ्या नावावर राहील, पण हे कागद माझ्या घरात राहणार नाहीत. इथे येऊ नकोस. पैसे, कपडा, पाळणा, काही पाठवू नकोस.

या पत्रात काय आहे असं आई विचारेल. तिला काहीतरी सांग, ते तुला जमतं. जूनमध्ये मूल होईल तेव्हा मी कळवीन. ते पत्र आईला असेल. तिला वाचता येत नाही, म्हणून ते तुझ्या हातात येईल. तू ते मोठ्यानं वाचून दाखव, आणि वाचताना थांबू नकोस.

केझाया टॅटर्सल